मिसर देशाच्या यात्रेला निघण्यापूर्वी : निवास, व्यवहार आणि सावधगिरी

हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठला तेव्हा संत योसेफ रात्रीच पवित्र मरिया व बाळाला घेऊन मिसर देशाकडे निघाला, हे आपण मत्तयच्या शुभवर्तमानात वाचतो. परक्या देशात, परक्या भाषेत आसरा शोधण्याची वेळ पवित्र कुटुंबावर आली. इजिप्तमधील ख्रिस्ती बांधवांनी त्या प्रवासाची आठवण शतकानुशतके जपली आहे. ४ ऑक्टोबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे पवित्र कुटुंबाच्या या यात्रेसाठी तयार केलेल्या पवित्र चित्राला आशीर्वाद दिला, तर २०२२ साली या प्रवासाशी निगडित उत्सवांचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. आपल्याकडील पवित्र भूमीच्या यात्रांमध्येही जॉर्डन व इस्राएलबरोबर इजिप्त बहुधा असतोच.

आपण सोलापूरकर यात्रेकरूंच्या जिल्ह्यात राहतो. पंढरपूर, अक्कलकोट आणि शेजारचे तुळजापूर येथे येणारी गर्दी आपल्याच स्टेशनवर व एस.टी. स्टँडवर उतरते. परगावच्या माणसाकडे रिक्षाचे दुप्पट भाडे कसे मागितले जाते, लॉजची एक खोली दाखवून दुसरीच कशी दिली जाते, हे आपण पाहिलेले आहे. कैरोच्या विमानतळावर तो परगावचा माणूस आपण असतो, एवढाच फरक.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका आजींनी मुदतठेव मोडून ही यात्रा केली. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात हाती आलेल्या एका रंगीत पत्रकावर त्यांनी विश्वास ठेवला. पैसे रोख दिले. पावती साध्या कागदावर मिळाली. पत्रकात हॉटेल कैरोच्या मध्यभागी होते, प्रत्यक्षात ते शहराबाहेर महामार्गालगत निघाले. रोज जाण्या-येण्यातच कित्येक तास गेले, उरलेला वेळ अत्तराच्या व पपायरसच्या दुकानांत गेला आणि मतारिया येथील पवित्र मरियेचा वृक्ष पाहावयाचा राहून गेला. पवित्र कुटुंबाने ज्याच्या सावलीत विसावा घेतला अशी परंपरा आहे, तो हा उंबराच्या कुळातील वृक्ष. आजी त्या वृक्षासाठीच गेल्या होत्या. पैसे कदाचित पुन्हा जमतील. परंतु त्या वयात दुसरी यात्रा घडत नाही. त्यांच्यासारख्या भाविकांसाठी हा लेख आहे.

फसवणुकीचे मूळ घराजवळच

इजिप्तमधील उंटवाल्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण त्याच्याकडून होणारे नुकसान काही शेकड्यांचे वा हजारांचे असते. लाखांचे नुकसान होते ते येथे, पैसे भरताना. पत्रकावर एखाद्या धर्मगुरूंचे नाव असले की आपण पुढील चौकशी करीत नाही. चौकशी करणे म्हणजे त्या धर्मगुरूंवर अविश्वास दाखविणे, असे आपल्याला वाटते. वास्तविक गटासोबत जाणारे फादर हे आध्यात्मिक मार्गदर्शक असतात. हॉटेलचे आरक्षण त्यांनी केलेले नसते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत कंपनीच्या खात्यातच भरावी, व्यक्तीच्या नव्हे. जी.एस.टी. क्रमांक असलेली पावती घ्यावी. परदेशी सहलीच्या रकमेवर आयोजकाने आपला पॅन क्रमांक घेऊन टी.सी.एस. हा कर वसूल करावयाचा असतो व तो आपल्याला आयकराच्या हिशेबात वळता करून घेता येतो. जो आयोजक पॅन मागत नाही व रोखीत सवलत देतो, त्याच्यापासून दूर राहणेच बरे. सहल रद्द झाल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी असावे. विमानाचे तिकीट हाती येताच त्यावरील आरक्षण क्रमांक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. ते इजिप्तच्या दूतावासाकडूनच जाणून घ्यावेत. पासपोर्टसाठी आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. परतीच्या तारखेनंतरही त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

हॉटेल : 'किंवा समकक्ष' या दोन शब्दांचा अर्थ

कार्यक्रमपत्रिकेत बहुधा 'चार तारांकित हॉटेल किंवा समकक्ष' असे छापलेले असते. आजींची यात्रा या दोन शब्दांनीच बिघडवली. कैरो व गिझा ही लगतची, परंतु अफाट पसरलेली शहरे आहेत आणि तेथील वाहतुकीची कोंडी प्रसिद्ध आहे. दोन हॉटेलांचे तारे सारखे असले तरी ती कोठे आहेत यावर यात्रेचे अर्धे यश अवलंबून असते. म्हणून हॉटेलचे नाव व पत्ता प्रस्थानापूर्वी लेखी मागावा आणि आपल्या नावाचे आरक्षण आहे की नाही, हे हॉटेलला थेट ई-मेल पाठवून विचारावे. खोलीत दोघे राहणार की तिघे, न्याहारी व रात्रीचे जेवण धरले आहे काय, उद्वाहक आहे काय, हेही विचारावे. वृद्धांसाठी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी आणखी एक युक्ती ओळखून असावी. विमानतळावर किंवा टॅक्सीत कोणी गोड बोलून सांगतो की, तुमचे हॉटेल भरले आहे, दुरुस्तीसाठी बंद आहे, मी दुसरे चांगले दाखवितो. त्या दुसऱ्या हॉटेलकडून त्याला दलाली मिळते. अशा वेळी हॉटेलच्या दारापर्यंत जाण्याचा आग्रह धरावा आणि स्वागतकक्षातील माणसाच्याच तोंडून खरे-खोटे ऐकावे. विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपले हॉटेल कोणते, हे आपण सांगू नये, त्यालाच विचारावे.

हॉटेलात पासपोर्ट नोंदणीसाठी घेतला जातो. नोंद होताच तो परत मागून घ्यावा. इजिप्तमध्ये हॉटेल व उपाहारगृहांच्या दरांवर साधारणतः १२ टक्के सेवाशुल्क आणि १४ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. दर सांगणारा हे धरून सांगतो की वगळून, ते आधी विचारावे. म्हणजे बिल पाहून वाद होत नाहीत.

पैसे मोजताना

मार्च २०२४ मध्ये इजिप्तने पौंडाचा दर बाजारावर सोडला आणि एका डॉलरला सुमारे ३१ पौंड असलेला दर एकदम ५० च्या आसपास गेला. तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांतील किमतींवर विसंबू नये. पैसे बँकेत वा अधिकृत विनिमय केंद्रातच बदलावेत. शंभर पियास्टर म्हणजे एक पौंड. सुटे परत देताना पन्नास पौंडांऐवजी पन्नास पियास्टरची नोट हाती ठेवली जाते, ही तेथील जुनी चाल आहे.

मराठी वाचकाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तेथील बाजारात अरबी आकडे लिहितात. त्यांचा पाच हा आपल्या देवनागरी शून्यासारखा दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे केवळ एक ठिपका. आपल्याला शून्य वाटले ते पाच असते! प्रत्येक नोटेच्या एका बाजूस इंग्रजी आकडे असतात; नोट उलटून तेच वाचावेत. टॅक्सीत मीटर सुरू करावयास सांगावे किंवा उबेरसारखी सेवा घ्यावी, म्हणजे भाडे आधीच कळते. अनेक सरकारी स्थळांवर आता तिकिटाचे पैसे कार्डानेच घेतात. त्यामुळे आपले कार्ड परदेशात चालेल अशी सोय निघण्यापूर्वीच बँकेतून करून घ्यावी.

पिरॅमिडपाशी

गिझा येथे 'हे दार आज बंद आहे, माझ्याबरोबर या' असे सांगणारे भेटतात. २०२५ मध्ये तेथे नवे प्रवेशद्वार व आत फिरण्यासाठी विजेवरील बसगाड्या सुरू झाल्यामुळे नवख्याला ते खरेच वाटते. तिकीट अधिकृत खिडकीवरच घ्यावे; तिकीट पाहतो म्हणून कोणी ते हातातून घेऊ लागल्यास देऊ नये. डोक्याला 'भेट' म्हणून रुमाल बांधणारा, आपल्याच कॅमेऱ्याने छायाचित्र काढून देणारा, हे दोघेही नंतर पैसे मागतात. उंटावर चढविण्याचे भाडे स्वस्त असते, महाग असते ते उतरविण्याचे! एकदा वर बसल्यावर घासाघीस करणारा उंटावरचा शहाणाच ठरतो. किती वेळ, कोठपर्यंत, चढणे-उतरणे धरून एकूण किती, हे खाली उभे असतानाच कागदावर लिहून घ्यावे.

खरेदीच्या बाबतीत सोलापूरकराला वेगळे शिकविण्याची गरज नसावी. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही तिच्या नावावर भलताच माल विकला जातो, हे आपण जाणतो. आपण चादर उलटीसुलटी करून विणकाम पाहतो. तसाच पपायरसही उजेडासमोर धरून पाहावा. खऱ्या पपायरसमध्ये देठाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींवर बसलेल्या स्पष्ट दिसतात. केळीच्या पानांपासून केलेला नकली कागद वाळल्यावर चटकन तडकतो. 'सरकारी संस्था' अशी पाटी लावलेली अनेक दुकाने खासगीच असतात व तेथे नेणाऱ्याचा वाटा किमतीत मिळविलेला असतो. प्राचीन म्हणून दाखविलेली वस्तू मुळीच घेऊ नये. ती नकली असेल तर पैसे गेले, आणि खरी असेल तर १९८३ च्या इजिप्शियन कायद्यान्वये ती देशाबाहेर नेणे गुन्हा आहे.

कार्यक्रमपत्रिका जुनी तर नाही ना, हेही पाहावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाजवळील भव्य नव्या संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन झाले व तुतनखामनचा खजिना आता तेथे आहे. राजघराण्यातील ममी एप्रिल २०२१ पासून फुस्तात येथील संग्रहालयात आहेत. या दोन्ही गोष्टी तहरीर चौकात दाखविण्याचे आश्वासन देणारा आयोजक जुनीच पत्रके छापत आहे, हे ओळखावे.

पवित्र स्थळी

जुन्या कैरोतील अबू सर्गा हे संत सर्जियस व संत बाकस यांचे चर्च आणि बाबिलोन किल्ल्याच्या दारावर उभे असलेले 'झुलते चर्च' येथे प्रवेशशुल्क नाही. कोणी दाराशी पैसे मागितल्यास नम्रपणे नकार द्यावा. दान द्यावयाचे ते आतील दानपेटीत टाकावे. ही चर्चेस कॉप्टिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची आहेत. तेथे आपल्याला प्रार्थना करता येते. परंतु आपल्या गटाची मिस्सा तेथे होईल असे कोणी गृहीत धरू नये. कॅथोलिक चर्चमधील मिस्सेची वेळ व ठिकाण आयोजकाकडून आधीच लेखी घ्यावे. इजिप्तमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते आणि रविवार कामाचा दिवस असतो, हेही ध्यानात असावे.

सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेला संत कॅथरीनचा मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स संन्याशांचा आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी फेब्रुवारी २००० मध्ये त्यास भेट दिली होती. मठ सर्वसाधारणपणे सकाळचे काही तासच खुला असतो आणि शुक्रवारी, रविवारी व त्यांच्या सणांच्या दिवशी बंद असतो. तेव्हा आपला तेथील मुक्काम कोणत्या वारी आहे, ते कॅलेंडर घेऊन पाहावे. नाहीतर शेकडो किलोमीटर जाऊन बंद दाराचे दर्शन होते. पर्वताची उंची २,२८५ मीटर आहे. उंट शेवटपर्यंत जात नाही. अखेरच्या सुमारे ७५० पायऱ्या पायीच चढाव्या लागतात. 'उंट थेट शिखरावर नेतो' असे सांगून वृद्धांकडून पैसे घेणाऱ्यांना म्हणूनच भुलू नये. हिवाळ्यात तेथे रात्री पाणी गोठते; पायथ्याच्या हॉटेलात पुरेशी पांघरुणे मिळतील काय, हे विचारून घ्यावे.

बक्षीस आणि न्याय

येथवर वाचून इजिप्तचे लोक लबाड असतात असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आम्हांला तेथे रस्ता दाखविण्यासाठी दुकान सोडून आलेले आणि चहा पाजून एक पैसाही न घेतलेले लोक भेटले. 'बक्शीश' हा शब्द आपल्या बक्षिसाचाच भाऊ आहे. खोली झाडणारा, सामान उचलणारा, बस चालविणारा यांचे वेतन तुटपुंजे असते. त्यांना दिलेले चार पैसे हे लुबाडणे नव्हे, त्यांच्या श्रमाचे मोल आहे. पुष्कळ आयोजक यासाठी दररोजप्रमाणे वेगळी रक्कम गोळा करतात. ती घेतली असेल तर कोणाला किती दिली जाणार, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. ती त्या श्रमिकांपर्यंत पोहोचावी, हे पाहणे आपले कर्तव्यही आहे. प्रभूने शिष्यांना पाठविताना सर्पाची चतुराई आणि कबुतराचा निष्कपटपणा दोन्ही मागितले होते. यात्रेकरूने यांतील एकही घरी विसरून जाऊ नये.

फसवणूक झालीच तर

इजिप्तमध्ये पर्यटन पोलिसांचा क्रमांक १२६ व रुग्णवाहिकेचा १२३ आहे. भारतीय दूतावास कैरोच्या जमालेक भागात आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टच्या प्रतीसोबत ठेवावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध भडकले तेव्हा बेथलेहेममध्ये अडकलेले मेघालयातील यात्रेकरू सीमा ओलांडून इजिप्तमध्येच सुखरूप आले, हे अनेकांना आठवत असेल. प्रवासविमा आणि घरच्यांजवळ हॉटेलांची यादी असणे अशा वेळी किती मोलाचे ठरते, हे वेगळे सांगावयास नको.

परत आल्यावर पत्रक, पावती, हॉटेलचे बिल व छायाचित्रे जपून ठेवावीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते; आयोजक मुंबईचा असला तरी तक्रार सोलापुरात करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे आणि ऑनलाइन पैसे भरताना फसगत झाल्यास १९३० वर लगेच कळवावे. आजींकडे साध्या कागदाच्या पावतीखेरीज काहीच नव्हते, त्यामुळे त्यांना गप्प बसावे लागले.

आता धर्मग्रामात यात्रेचे नवे पत्रक आले की ते आधी त्यांच्याकडे जाते. त्या चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "यात मतारिया कोणत्या दिवशी आहे, ते लिहिलंय का?" ते लिहून घेतलेल्या दोन कुटुंबांनी तो वृक्ष पाहून त्याचे छायाचित्र आजींना आणून दिले आहे.

वाटेतील धोक्याची सूचना मिळताच वेळीच उठून निघालेला संत योसेफ सर्व प्रवाशांचा सांभाळ करो आणि पवित्र कुटुंबाचे कृपाछत्र आपणा सर्वांवर राहो.