मंत्री न झालेला मन्याडचा वाघ

नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. त्यामुळे इथल्या राजकारणात माणसाची उंची पदावरून मोजायची सवय जडली आहे. कंधारचे भाई केशवराव धोंडगे या मापात बसत नाहीत. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) हे नेते १९५७ मध्ये विधानसभेत गेले, पुढेही अनेकदा निवडून आले, १९७७ मध्ये नांदेडचे खासदार झाले. मंत्रिपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. तरीही कंधार भागातल्या मन्याड नदीवरून लोकांनी त्यांना ‘मन्याडचा वाघ’ म्हटले, आणि ते सार्थ होते. मागास भागाला सत्तेत बसणाऱ्याइतकीच सत्तेला जाब विचारणाऱ्याचीही गरज असते.

त्यांचा जन्म १९२२ चा, कंधार तालुक्यातल्या गऊळचा. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षणाची वाट अवघड होती आणि सरकारी कचेरीतला कागद परका होता. धोंडगे निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात उतरले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाने शरणागती पत्करली, पण कागदाची भीती त्याने संपणार नव्हती. म्हणून त्यांच्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीचे काम महत्त्वाचे ठरते. कंधारसारख्या तालुक्याच्या गावी शाळा-महाविद्यालयांबरोबर कायद्याचे महाविद्यालयही उभे राहिले. ‘जयक्रांती’ साप्ताहिक त्यांनी चालवले, गुराख्यांची साहित्य संमेलने भरवली. गुरे राखणाऱ्यालाही सांगण्यासारखे काही असते आणि ते व्यासपीठावरून सांगण्याचा त्याला हक्क आहे, हे त्यांनी कृतीने मांडले. शाळा, वर्तमानपत्र आणि संमेलन या तिन्हींतून एकच काम चालले होते: दबून राहिलेल्या माणसाला बोलते करणे.

यावर पहिला आक्षेप रोकडा आहे. बोलण्याने शेताला पाणी मिळत नाही. जायकवाडी, विष्णुपुरीसारखे प्रकल्प शंकररावांसारख्या सत्तेतल्या नेत्यांच्या पाठपुराव्याने झाले. हे खरेच आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण धरण बांधल्यावरही प्रश्न उरतात: पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचले का, जमीन गेलेल्याला मोबदला मिळाला का, दुष्काळी कामावरची मजुरी वेळेवर हाती पडली का? हे विचारण्यासाठी आमदाराजवळ तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि कपात सूचना ही साधने असतात. संख्याबळ नसले तरी ती वापरता येतात. १९७२ च्या निवडणुकीत २७० पैकी शेकापला अवघ्या सात जागा मिळाल्या होत्या. इतक्या लहान पक्षाचा दबदबा सभागृहातल्या अभ्यासावर आणि आवाजावरच टिकत होता. आणीबाणीत धोंडग्यांना तुरुंगात जावे लागले. पुढच्याच लोकसभा निवडणुकीत नांदेडने त्यांना दिल्लीला पाठवले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शेकाप मराठवाड्यातून जवळजवळ ओसरला. मग या राजकारणातून टिकले काय? पक्ष एका व्यक्तीच्या वजनावर फार काळ उभा राहत नाही, ही त्या राजकारणाची मर्यादा मान्य करावीच लागेल. मात्र पक्षाचा ऱ्हास म्हणजे कामाचा ऱ्हास नव्हे. शिकलेली पिढी कोणत्याही पक्षात जाते आणि सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती यांसाठी स्वतः अर्ज लिहिते, अपील करते. २०२२ मध्ये विधिमंडळाने धोंडग्यांचा शंभरीनिमित्त सत्कार केला, तेव्हा त्यात त्यांच्या एके काळच्या विरोधकांचे पक्षही सामील होते. १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. त्यांच्या आयुष्यातून मतदाराने घ्यायचा धडा सरळ आहे. आपला आमदार मंत्री होईल का, एवढेच विचारून थांबू नये. तो सभागृहात आपल्यासाठी काय विचारतो, याचाही हिशेब मागावा. नांदेड-लातूरला पदे पुष्कळ मिळाली. आता हा हिशेब मागणारे मतदार वाढले पाहिजेत.