सरांचं पान अजून उघडतं

अमेरिकी विद्यापीठांतल्या जुन्या प्राध्यापकांच्या वेबसाइटचा पत्ता नीट पाहा. नावाच्या आधी बहुतेक वेळा एक नागमोडी रेघ असते: टिल्ड. युनिक्स प्रणालीत ही खूण म्हणजे त्या व्यक्तीची स्वतःची फाइली ठेवायची जागा, तिचं 'होम'. १९७०च्या दशकातल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर 'होम' आणि टिल्ड एकाच कळीवर होते, म्हणून ही खूण रुळली. पुढे वेब आल्यावर सोय झाली ती अशी, की त्या जागेत ठरावीक नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात फाइल टाकायची. ती जगभर दिसू लागे. ना समिती, ना निविदा!

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातले रॉड नेव्ह यांचं 'हायपरफिजिक्स' हे भौतिकशास्त्राचं संकेतस्थळ तर मुळात वेबसाठी लिहिलेलंच नव्हतं. अ‍ॅपलने १९८७मध्ये आणलेल्या हायपरकार्डवर ते घडलं: एका कार्डावर टिचकी मारली की दुसरं उघडायचं. आजही पान उघडलं की संकल्पनांचा नकाशा समोर येतो, उजवीकडे अनुक्रमणिका असते, सूत्राखाली रिकामे चौकोन असतात. वस्तुमान आणि वेग भरा, गतिज ऊर्जा हजर. हे गणित जावास्क्रिप्ट वाचकाच्याच ब्राउझरमध्ये करते. सर्व्हरला तोशीस नाही.

दिसायला ही पानं ओबडधोबडच. पण साधं एचटीएमएल म्हणजे निव्वळ मजकुराची फाइल, आणि नवे ब्राउझरही जुनं एचटीएमएल वाचतात. त्याच काळात ज्यांनी हौसेनं जावा अ‍ॅप्लेट आणि फ्लॅशमध्ये हलती-डुलती प्रात्यक्षिकं बनवली, त्यांची मात्र पंचाईत झाली. अडोबीने २०२० संपताना फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि कित्येक लंबक जागीच थांबले.

कॉलेजं आता मूडलसारख्या प्रणाली वापरतात. तिथे पान दर वेळी डेटाबेसमधून जुळवलं जातं. हजेरी, गुण, असाइनमेंट यांसाठी ते उत्तमच. पण सत्र संपतं, लॉगिन बंद होतं आणि नोट्सही कुलुपात जातात. पुढच्या वर्षी एखादी व्याख्या पुन्हा पाहायची तर? माझ्या मते नोट्स कुलुपाबाहेरच हव्यात.

अर्थात टिल्डवालं घरही विद्यापीठाच्याच जागेत असतं. खातं बंद झालं की पत्ता मेला. म्हणून एक प्रत आपल्याकडे असलेली बरी. टेक्ससच्या लामार विद्यापीठातले पॉल डॉकिन्स यांनी आपल्या कॅल्क्युलसच्या नोट्स पीडीएफ रूपातही ठेवल्या आहेत. त्या आजच उतरवून घ्या.