सांडशीवरची कविता

मराठी कवितेला पाऊस लागतो, असं शाळेपासून आपल्या मनात बसलेलं असतं. आता मस्कतमध्ये पाऊस कुठून आणायचा? इथे वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवशीच तेवढा कोसळून जातो. मला मात्र विषय मिळाला तो स्वयंपाकाच्या ओट्यावर.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. तोवर मी सातवी-आठवीला मराठी शिकवत होते. इथे आल्यावर शाळा सुटली, फळा सुटला आणि हळूहळू शब्दही सुटू लागले. एकदा लेकीला म्हटलं, "सांडशी दे गं." ती म्हणाली, "आई, सांडशी म्हणजे काय?" वस्तू तिच्या हाताशी होती, शब्द मात्र तिच्याकडे नव्हता. मनात आलं, आज सांडशी गेली. उद्या उलथनं, परात, किसणी जातील. त्या रात्री सांडशीवर आठ ओळी लिहिल्या.

तेव्हापासून स्कूलबस गेली की वीस मिनिटं वहीची. रोज एक वस्तू समोर घ्यायची आणि तिला तीन प्रश्न विचारायचे: तू कशाची बनलीस? कुणाच्या हातांतून माझ्याकडे आलीस? तुझ्यावाचून काय अडेल? पुरणयंत्र घेऊन बसले, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाशी अडखळले. ते सासूबाईंचं. विमानाच्या वजनात बसावं म्हणून त्यांनी माझ्या दोन साड्या बाजूला काढून ते बॅगेत घातलं होतं. कविता तिथेच होती, मला फक्त उतरवून घ्यायची होती.

ही वाट नवी नाही. बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. पण घरातलं जातं, शेतातली कामं, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा, सगळं त्यांच्या गाण्यांत आलं. ती गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. पुढे अत्र्यांच्याच कन्या शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. तीन ओळींत एक क्षण धरायचा. आणि तिकडे चिलीचे पाब्लो नेरुदा! १९५४ च्या त्यांच्या संग्रहात कांदा आणि टोमॅटो यांच्यावर कविता आहेत. म्हणजे आपल्या भाजीच्या टोपलीलाही नोबेल विजेत्याचा कवी-दरबार लाभला आहे.

माझ्या वहीतल्या बऱ्याच कविता साध्याच आहेत, छापण्याजोग्या थोड्या. पण रोज लिहिल्याने एक झालं. नोकरी नसलेला दिवस रिकामा वाटेनासा झाला, आणि घरात मराठी शब्द पुन्हा वापरात आले. लेक आता कवितेशेजारी त्या वस्तूचं चित्र काढते आणि खाली नाव लिहिते. तिची वेलांटी कधी चुकते. मी लगेच लाल पेन काढत नाही; मास्तरीण असूनही!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या तळाशी एखादा जुना डबा, वाटी, शेवेचा सोऱ्या सापडेलच. घासूनपुसून जागेवर ठेवण्याआधी पाच मिनिटं समोर ठेवा. यमक जुळलं नाही तरी चालेल. दोन ओळी लिहा, आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.