आजोबांच्या दाव्याची नक्कल कशी काढायची?

नांदेड-लातूरकडं वाटणीचा वाद निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, आजोबांच्या वेळी कोर्टात निकाल लागलाय!" पण कागद कुणाकडंच नसतो. तो कोर्टात मिळू शकतो.

आधी दावा कुठं चालला ते शोधा. कंधार, देगलूर, उदगीर, निलंगा, सगळीकडं दिवाणी न्यायालयं आहेत. जिल्ह्याच्या गावी धावायची घाई नको. लातूरकरांनी एक ध्यानात ठेवावं: तुमचा जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ चा. त्याआधी जिल्हा न्यायालयात गेलेल्या अपिलाचा माग बहुधा उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, घ्यावा लागेल.

अलीकडचा दावा ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं सापडतो. जुन्यासाठी मुकदमा नंबर आणि साल हवंच. निजामाच्या काळातला कागद उर्दूत, त्यावर साल फसली सनाचं! १३५० फसली म्हणजे इसवी १९४०-४१. साधारण ५९० मिळवा.

मग नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. 'सगळे कागद द्या' असं मोघम लिहू नका. निकालपत्र आणि हुकूमनामा आवर्जून मागा. इतर बरेच कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. तुम्ही पक्षकार किंवा वारस नसाल, तर नक्कल कशाला हवी हेही लिहावं लागतं.

नक्कल हातात पडली की त्यावरच्या तारखा बघा: अर्ज कधी, तयार कधी. अलीकडच्या निकालावर अपील करायचं असेल तर नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, मुदत कायद्याचं कलम १२. झेरॉक्सवर भागवू नका, सही-शिक्क्याची प्रतच घ्या.