वाघाचा एक फोटो गेला कुठे?

 चंद्रपूरजवळच्या ताडोबाच्या जंगलात वाघांची मोजणी करताना वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. दोन कशाला? वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात म्हणून! मधून कोणी गेलं की फोटो आपोआप निघतो. वाघ, अस्वल, गवा, माणूस... फोटोंचा नुसता ढीग!

समजा, हा ढीग निवडायला कॉम्प्युटरला बसवला. त्याच्या एका चिपमध्ये चार प्रोसेसर आहेत. त्यांना ‘कोअर’ म्हणतात. चार कोअर, ढिगाचे चार वाटे. वाघ दिसला की ज्याने-त्याने मेमरीतल्या एकाच आकड्यात एक मिळवायचा. ही मेमरी चौघांची सामाईक.

आता नीट बघा हं! ‘एक मिळव’ हे आपल्याला एकच काम वाटतं, पण प्रोसेसरची त्यात तीन कामं असतात : आकडा वाच, एक मिळव, परत लिही. आकडा आहे १७. पहिल्या कोअरने १७ वाचला. तो लिहिणार, तेवढ्यात दुसऱ्यानेही १७ वाचला. दोघांनीही लिहिलं १८! फोटो दोन आणि वाढला एकच. पुन्हा चालवलं तर उत्तर बरोबरही येईल. म्हणून तर ही चूक पकडायला महाकठीण!

ही चूक टाळायला एका वेळी एकाच कोअरला त्या आकड्यापाशी कसं सोडायचं, याची रीत १९६५ मध्ये नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी मांडली. पुढे प्रोग्रामिंगच्या भाषांनीच ही सोय दिली. जावा भाषेत ‘सिंक्रोनाइज्ड’ लिहिलं की त्या कामाला कुलूप लागतं. एकाचं लिहून होईपर्यंत दुसरा बाहेर थांबतो. सी प्लस प्लस भाषेने सामाईक मेमरीचे नियम २०११ मध्ये घालून दिले.

पण सारखं थांबायचं, तर चार कोअर असून उपयोग काय? यावर दुसरी वाट आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला. त्यात प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी होती. ते एकमेकांना निरोप पाठवत.

तीच युक्ती आपण वापरू. प्रत्येक कोअरने आपल्या वाट्यातले वाघ स्वतःपाशी मोजायचे आणि सामाईक आकड्यात शेवटी एकदाच मिळवायचे. वाघाचे हजार फोटो निघाले तरी कुलूप लागेल फक्त चारदा, आणि एकही फोटो हरवणार नाही!