घेणे, लेना आणि टेक

इंग्रजीतील 'टेक' या क्रियापदाचा अर्थ तुम्ही वहीत 'लेना' किंवा 'घेणे' असा लिहून ठेवला असेल. तो खरा आहे, पण अपुरा आहे. (उर्दूतील 'लेना' पाहून मराठीत 'लेणे' मात्र लिहू नका. 'ती दागिने ल्याली' म्हणजे तिने ते अंगावर घातले, विकत घेतले नव्हे.)

दुकानातून पुस्तक घेतले, वर्गात रजा घेतली, इथे तिन्ही भाषा एका वाटेने चालतात. पुढे वाटा फुटतात. इंग्रजीत 'टेक केअर' म्हणतात, मराठीत आपण काळजी 'घेतो', पण उर्दूत खयाल 'रखते हैं'. फोटोला इंग्रजीत 'टेक' चालते. मराठीत तो 'काढतात' आणि उर्दूत 'खींचते हैं'. इंग्रजीत काम वेळ 'टेक' करते. आपल्या दोन्ही भाषांत तो 'लागतो'. पाहुण्याला 'टेक अ सीट' म्हटले, तर त्याने खुर्ची उचलून न्यायची नसते, बसायचे असते!

सर्वांत जास्त घोटाळा परीक्षेत होतो. मराठीत शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी ती देतात. उर्दूतही तुम्ही 'इम्तिहान देना' म्हणता. इंग्रजीत नेमके उलटे आहे. तिथे विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतात. म्हणून 'मी काल परीक्षा दिली' याचे शब्दाला शब्द इंग्रजी केले, तर आपल्याकडे ते चालून जाते. पण लंडनच्या माणसाला वाटेल, की तुम्ही शिक्षकच आहात. 'परीक्षेला बसणे' हा प्रयोग मात्र बिनधोक आहे. इंग्लंडमधील मुलेही परीक्षेला 'सिट' करतात, म्हणजे बसतातच.

गंमत अशी, की 'टेक' हा शब्द मूळचा इंग्लंडचा नाही. इ. स. ७९३ मध्ये उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लोकांनी इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरील मठ लुटला. पुढे त्यांच्यातील कित्येक जण त्या देशात शेती करून राहिले. घेणे या अर्थी त्यांच्या भाषेत 'टाका' हा शब्द होता. इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता 'निमान'. शेजाऱ्यांचे ऐकून ऐकून तो मागे पडला आणि 'टाका'चा 'टेक' रूढ झाला. जर्मन भाषेत 'निमान'चा भाऊबंद 'नेमेन' अजून रोज बोलला जातो. इंग्रजीत त्याची एक खूण राहिली आहे. बोट बधिर झाले, की त्याला 'नम्' म्हणतात. म्हणजे ज्याची जाणीव कोणी काढून घेतली आहे असे.

'टेक'ला दुसरा शब्द जोडला, की अर्थ आणखी बदलतो. 'टेक ऑफ' म्हणजे बूट काढणे आणि विमानाने जमीन सोडणेही. 'टेक आफ्टर' मध्ये तर घेण्याचा मागमूसही नाही. मुलगा रूपाने वडिलांसारखा असला, की इंग्रजीत तो त्यांना 'टेक आफ्टर' करतो. मराठीत तो वडिलांवर 'गेला' असे म्हणतात. उर्दूत काय म्हणतात, ते तुमच्या नानीजान तुम्हाला पाहून म्हणतच असतील.