विसराळू सर्व्हर आणि जावाची ‘विकेट’



आगगाडीचें तिकीट काढतांना आपण संगणकाच्या पडद्यावर एका पानावरून दुसऱ्या पानावर जातों, आणि पहिल्या पानावर लिहिलेलें नांव दुसऱ्या पानाला ठाऊक असतें. यांत नवल तें काय, असें आपणांस वाटेल. परंतु नवल आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नांवाच्या नियमांनीं परस्परांशीं बोलतात, त्या मूळ नियमांत मागील बोलण्याची आठवण ठेवण्याची सोयच नाहीं. सर्व्हरला प्रत्येक मागणी नवी. उत्तर दिलें कीं तो विसरला.

मग आठवण ठेवावी कोणीं? पूर्वीं हा भार सर्वस्वी प्रोग्रामरच्या माथीं असे. पानाची मांडणी, त्यावरील मजकूर, वाचकानें भरलेलीं उत्तरें, सारें एकमेकांत गुंतलेलें. एक धागा ओढावा तों दुसरा तुटे. हा गुंता सोडविण्यासाठीं जावा भाषेंत घटकप्रधान फ्रेमवर्कें निघालीं. त्यांपैकीं ‘विकेट’ हें उदाहरण आज घेऊं. जोनाथन लॉक यांनीं २००४ सालीं तिचा आरंभ केला, आणि २००७ सालीं ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प झाली.

घटक म्हणजे पानावरील प्रत्येक काम करणारा भाग : एखादी ओळ, एखादें बटण, नांव लिहिण्याचा रकाना किंवा सबंध फॉर्म. विकेटमध्यें साधारणपणें प्रत्येक पानाच्या दोन फायली असतात. एक एचटीएमएलची; तींत केवळ मांडणी. दुसरी त्याच नांवाच्या जावा क्लासची; तींत पानाची वागणूक. मांडणींत एखाद्या जागीं ‘विकेट-आयडी’ म्हणून खूण लिहावी, आणि जावामध्यें त्याच खुणेचा घटक पानांत घालावा. दोन्ही आपोआप जुळतात. रकाना फॉर्मच्या पोटांत असेल, तर जावांतही तो फॉर्मच्याच पोटांत हवा. तसें नसेल तर विकेट काम थांबवून चूक दाखविते. हजेरीपटावरील नांवें आणि बाकांवरील मुलें ताडून पाहावीं, तसाच हा प्रकार. शिवाय एकदां केलेला घटक दहा पानांवर लावतां येतो, हा लाभ वेगळाच.

या घटकांचा मिळून एक वृक्ष होतो, आणि तो विकेट सर्व्हरवर जपून ठेविते. मागील पानें ती डिस्कवर उतरविते; म्हणून वाचकानें ब्राउझरचें ‘मागें’ बटण दाबलें तरी तिला जुनें पान सांपडतें.

परंतु स्मरणशक्ति फुकट मिळत नाहीं. माझ्या पुतण्यानें एका ग्रंथालयाची सूची या पद्धतीनें केली, आणि तींतील यादीचें पान मीं हौसेनें लिहिलें. घरीं तें उत्तम चाललें. सभासदांस खुलें केलें त्या दिवशीं मात्र दुपारपर्यंत सर्व्हर बंद पडला. दोष सर्वस्वी माझा. प्रत्येक वाचकाच्या पानांत मीं सबंध पुस्तकसूची कोंबून ठेविली होती. शंभर वाचक म्हणजे सूचीच्या शंभर प्रती. पुतण्या हंसून म्हणाला, “काका, पुस्तकाचा क्रमांक लक्षांत ठेवा, पुस्तक नको.”

उपाय विकेटमध्येंच होता. तींत घटक आपला मजकूर ‘मॉडेल’कडे मागतो. ‘लोडेबल डिटॅचेबल’ नांवाचें मॉडेल मजकूर लागेल तेव्हां डेटाबेसमधून आणतें, आणि मागणी पुरी होतांच टाकून देतें. ज्या पानाला आठवणीची गरजच नाहीं, तें ‘स्टेटलेस’ घटकांनीं करावें. मग सर्व्हरला त्या पानाचा वृक्ष जपावा लागत नाहीं.

मीं आयुष्यभर मुलांना ‘पाठ करा’ म्हणून सांगितलें. सारें पुस्तक घोकणाऱ्यापेक्षां कोणता धडा कोठें आहे हें जाणणारा मुलगा पुढें जातो, हें मात्र या यंत्रानें मला उतारवयांत शिकविलें. फ्रेमवर्क आठवण ठेवील. काय आठवावें, हें ठरविणें आपल्याच हातीं आहे.